हेड गेलं

उद्यमनगरात, फौंड्रीच्या भिंतीला पाठ लावून
बाबालाल शिकलगारचं गॅरेज आहे.
पाटी नाही. शटरवर खडूनं लिहिलेले फोन नंबर,
त्यातले निम्मे उधारीवाल्यांचे.

मी नववीला विज्ञान शिकवतो.
चार फटक्यांचं इंजिन फळ्यावर काढतो,
झडपा, बाण, पिवळ्या खडूची ठिणगी.
पण माझ्या एट-हंड्रेडच्या बॉनेटचा खटका
अकरा वर्षांत मला सापडलेला नाही.

"कसला आवाज म्हणलासा, सर?"
"किर्र... मग टुक्, मग जरा हुंदक्यासारखं."
"चढाला का उताराला?"
"कात्यायनीच्या चढाला. उताराला गप्प."
"आणि वहिनी शेजारी असल्या की?"
मी विचारात पडलो. तो हसला नाही.
मागनं कळलं, वजनाचं विचारत होता.

गाडी सोडायच्या आदल्या रात्री मेहुणा आला.
त्याला खटका लगेच सापडला.
"जुनं म्हणून चांगलं काढून विकत्यात हे लोक," म्हणाला.
त्याला स्वतःची गाडी नव्हती.
मग मी टॉर्च तोंडात धरून
बायकोच्या गुलबक्षी नेलपॉलिशचा ठिपका
दिसेल त्याला लावत गेलो,
बॅटरीला, रेडिएटरला, हेडला,
अगदी पाण्याच्या बुचालासुद्धा.

तिसऱ्या दिवशी शाळेत फोन आला.
मी वर्गावर. घेतला रंगराव शिपायानं.
"सरास्नी सांगा, हेड गेलं.
आतनं तडकलंतं, उघडल्यावर कळलं.
बाकीचं वाचंल, पण लई उशीर केलासा."
रंगरावनं फोन ठेवला, टोपी काढली.
आमचे हेड इंगवले सर सकाळीच
पन्हाळ्याला मीटिंगला गेले होते.

घंटा झाली, नेहमीची नव्हे.
पोरं मैदानात ओळीनं उभी.
हाराला माणूस महाद्वार रोडला पळाला.
उपमुख्याध्यापक "शिस्तीचा वटवृक्ष" इथवर आले होते,
एक डोळा रुमालात, एक डोळा ऑफिसातल्या खुर्चीवर,
तेवढ्यात फाटकातनं रिक्षा आत आली.
इंगवले सर उतरले. पाच रुपयांवरनं वाद घातला.
सुट्टे मोजून घेतले.
मग आमच्याकडं वळून, टाचणी पडेल अशा शांततेत,
"कोण गेलं?"

संध्याकाळी मी बाबालालवर चढलो.
तो रॉकेलनं हात धूत ऐकत राहिला.
"हेड म्हंजे इंजिनचं, सर.
तुमीच शिकवतासा की."

मग त्यानं सिमेंटचं पोतं पुढं ढकललं.
"जुना माल. मोजून घ्या."
तडकलेलं हेड, रेडिएटर, बूच,
सगळं ठिपक्यासकट.
मी पोत्यातच बघत राहिलो.
"तुमच्या घरची कायतरी रीत असंल म्हटलं.
म्हणून नव्यालाबी लावलाय.
आमच्या हिच्याकडं हा रंग न्हवता, लाल हाय.
चालंल न्हवं?"
तो खरंच बोलत होता, का मला सोलत होता,
हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दिवाळीनंतर तोच घरी आला.
पोराच्या कर्जाची बावीस पानं, सगळी इंग्रजीत.
मी चष्मा लावून समजावायला बसलो.
"ते ऱ्हाऊ द्या. सही कुठं करायची तेवढं दावा."
मी बोट ठेवीन तिथं करत गेला,
वाचलं नाही, विचारलं नाही,
प्रत्येक पानावर ऑइलचा एक अंगठा, न मागता.
एक पान मी चुकीचं दाखवलं होतं.
दुसऱ्या दिवशी रजा टाकून
बँकेत गुपचूप निस्तरून आलो.

आता किर्र गेलंय. हुंदका गेलाय.
टुक् आहे अजून.
"असू दे," तो म्हणतो, "सवय हाय तिला."
मी बॉनेट उघडत नाही.
तसंही, खटका कुठं आहे कुणास ठाऊक.